‘तत्रैव’ची सद्दी

बडोद्याच्या मराठी स्मरणिका, गौरवग्रंथ आणि घराण्यांचे इतिहास चाळताना खंडेराव मार्केटविषयी एका अर्थाचे विधान हमखास भेटते : सयाजीराव महाराजांनी ही वास्तू आपले वडील खंडेराव महाराज यांच्या नावाने उभारली. विधान खोटे नाही; पण ते अर्धेच आहे. खंडेराव महाराज १८७० साली निवर्तले. कवळाण्याचे गोपाळराव महाराणी जमनाबाईंना दत्तक गेले ते १८७५ साली. तेव्हा ‘वडील’ हा शब्द येथे दत्तकविधानाने आलेला आहे, आणि या दोन सालांच्या मध्ये मल्हाररावांची कारकीर्द व पदच्युती उभी आहे. आपल्या घरांतील ज्येष्ठांना हे सांगावे लागत नाही. परंतु तेच विधान परदेशी वाढलेला नातू जेव्हा फोनच्या पडद्यावर वाचतो, तेव्हा त्याला साधा प्रश्न पडतो : हे कोणी म्हटले, आणि कोठे? बहुधा त्याला उत्तर मिळत नाही. मिळालेच तर ते असे असते : ‘तत्रैव, पृ. ४५’.

‘तत्रैव’ म्हणजे तेथेच. पण तेथेच म्हणजे कोठे? छापील पानावर डोळे वर नेले की आधीची टीप दिसते आणि प्रश्न मिटतो. फोनवर मात्र आधीची टीप चार पडदे वर राहिलेली असते. मजकूर दुसऱ्या रूपात नेताना संपादकाने मधला एखादा परिच्छेद गाळला असेल, तर ‘तत्रैव’ आता भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवीत असतो, तेही निर्लज्ज आत्मविश्वासाने. राहिला पृष्ठ ४५. ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की पाने वाढतात, लहान केले की घटतात; तेथे पंचेचाळिसावे पान ही वस्तूच अस्तित्वात नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपले लेखन आता एका रूपात राहत नाही. हेच त्रैमासिक छापले जाते, पीडीएफ होऊन टपालाऐवजी ई-मेलने जाते, फोनवर वाचले जाते, आणि मराठी बोलता येते पण देवनागरी सरावाची नाही अशा मुलांसाठी त्यातला एखादा लेख गुजराती लिपीतही उतरतो. अशा वेळी लेखकाने संदर्भाचा वेष लिहू नये. संदर्भाची खूण लिहावी. खूण म्हणजे कोणता ग्रंथ, कोणती प्रत आणि ग्रंथातले कोणते स्थळ, एवढेच. ती पुढे तळटीप व्हावी, कंसातला मजकूर व्हावा की बोट लावताच उघडणारी चौकट व्हावी, हे त्या त्या रूपाने ठरवावे. मार्केटच्या फुलबाजारात झेंडू सुटाही मिळतो आणि हारात गुंफलेलाही मिळतो. सुट्याचे तोरण होते, हार होतो, वेणी होते. गुंफलेला हार उसवून तोरण करू पाहणाऱ्याच्या हाती पाकळ्या राहतात. आपले लेखक संदर्भ गुंफून पाठवतात, आणि मग प्रत्येक रूपासाठी कोणीतरी पाकळ्या वेचीत बसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ‘आम्ही काही पीएच.डी. करीत नाही, संदर्भाचे हे अवडंबर विद्यापीठाला लखलाभ.’ हा आक्षेप बडोदेकराच्या तोंडी आम्हांला शोभत नाही. संदर्भाचे स्थळ पानापासून सोडवण्याची विद्या आपल्याकडे परकी तर नाहीच, ती आपली कुळविद्या आहे. ऋग्वेदातील ऋचा मंडल, सूक्त आणि ऋचाक्रमांकाने सांगितली जाते. पाणिनीचे सूत्र अध्याय, पाद आणि सूत्र अशा तीन आकड्यांत बसते. ज्ञानेश्वरीतली जागा अध्याय आणि ओवीने दाखवतात. ताडपत्र असो, पोथी असो वा छापील पुस्तक, आकडा हलत नाही. युरोपात प्लेटोच्या ग्रंथांना हे भाग्य १५७८ साली लाभले. आंरी एतिएन याने त्या साली जिनिव्हात छापलेल्या प्रतीचे पृष्ठांक आजही प्लेटोच्या बहुतेक भाषांतरांच्या समासात छापले जातात. म्हणजे तेथे पानाचा आकडा वापरला, पण तो एका प्रतीशी कायमचा बांधून टाकला. नंतरचा प्रत्येक प्रकाशक आपले पान सोडून त्या जुन्या पानाला मान देतो.

आपल्या शहरात प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि-रामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. तिच्या आधी पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचे काम हाती घेतले होते. सुकथनकरांचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले आणि सारा प्रकल्प १९६६ साली. महाभारताच्या त्या आवृत्तीत मूळ संहितेबाहेर ठेवलेल्या ओळींनाही तारांकित क्रमांक मिळाले. जे वगळले त्यालाही पत्ता दिला, कारण कोणाला ते पाहायचे असेल तर सापडले पाहिजे. ही वृत्ती आम्हांला संशोधनाइतकीच सौजन्याची वाटते. वाचकाला ‘माझ्यावर विश्वास ठेव’ असे म्हणण्याऐवजी ‘हा पत्ता, जाऊन पाहा’ असे म्हणणे हे सौजन्यच.

मोडीच्या दप्तराविषयी बोलायचे तर येथे आपल्या घराण्यांचा थेट संबंध येतो. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः काढली, तेव्हा प्रत्येक पत्राला लेखांक दिला. ज्यांनी बडोद्याच्या नोकरीत असताना रियासत लिहायला घेतली, त्या गोविंद सखाराम सरदेसायांनी निवृत्तीनंतर १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्यांतले पत्रही खंड आणि पत्रक्रमांक सांगितला की सापडते. पान कोणी विचारीत नाही. उलट रियासतीचा दाखला पृष्ठांकाने देणाऱ्याची आज काय अवस्था होते ते पाहावे : जुन्या आवृत्तीचे पान नव्या संपादित आवृत्तीत जुळत नाही, आणि कोणती आवृत्ती हे त्याने लिहिलेलेच नसते. आपल्या पूर्वजाला मिळालेली सनद, इनाम वा पालखीचा मान याविषयी आपण जे लिहितो ते अशाच एखाद्या कागदावर उभे असते. त्या कागदाचा खंड व लेखांक एका रूपांतरात गळला की पुढच्या पिढीच्या लेखी ती सनद घरगुती गप्पांतील एक गोष्ट होते. मोडी वाचणारे आता किती उरले आहेत हे आपण जाणतोच. वाचणारा एखादा पुढे भेटलाच, तर त्याच्या हाती निदान पत्ता तरी द्यायला हवा.

ग्रंथालयाच्या बाबतीत तर या शहराने हा धडा शंभर वर्षांपूर्वी गिरवलेला आहे. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. जुन्या पद्धतीच्या संग्रहात पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याची जागा असे : कपाट तिसरे, फळी दुसरी, पुस्तक सतरावे. कपाट हलले की यादी निकामी. ड्यूईने १८७६ साली जी दशांश पद्धत प्रसिद्ध केली तिचे मर्म असे की क्रमांक कपाटाला न देता विषयाला द्यायचा. मग पुस्तके कोठल्याही खोलीत न्या, क्रम तोच राहतो. बॉर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले. ज्या संस्थानात कपाटाचा क्रमांक तेव्हाच मोडीत निघाला, त्या संस्थानच्या वारसांनी आज पृष्ठांकाला कवटाळून बसावे, याला काय म्हणावे?

आता खुणेच्या रचनेकडे वळू. ती आपण नव्याने शोधायची नाही. बिबटेक हे साधन १९८५ पासून हेच काम करीत आहे. २००६ पासून जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने घडवलेले पॅनडॉक साध्या मजकुरातली खूण वाचून तिची तळटीप वा कंस करून देते. ऑर्ग-मोड वापरणाऱ्यांनी तर काही वर्षे खल करून २०२१ साली आपली खूण ठरवली. या सर्वांचा सांगाडा सारखा आहे : एक खूणनाम, त्यापुढे स्थळ, आणि हवे असल्यास आधी ‘पाहा’ किंवा ‘तुलना करा’ असा शब्द. ग्रंथाचा तपशील, म्हणजे पूर्ण नाव, प्रकाशक व साल, एका वेगळ्या यादीत एकदाच लिहिलेला असतो. लेखात फक्त असे येते : [पाहा @राजवाडे-साधने, खंड ८, लेखांक ५०]. यंत्र बंद पडले, संगणक बदलला, तरी ही ओळ डोळ्यांनी वाचता येते आणि जुळारीसुद्धा ती समजू शकतो. केवळ आकड्यांचे खूणनाम आम्हांला म्हणूनच मान्य नाही. यंत्राला ते सोयीचे असेल. माणसाला ते मुके आहे.

पण हा सांगाडा जसाच्या तसा उचलणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. ही साधने ज्यांनी रचली त्यांच्या भाषेत नावाला विभक्ती लागून नावाचे रूप पालटत नाही. त्यामुळे खुणेतून लेखकाचे नाव थेट वाक्यात उमटवण्याची सोय त्यांनी केली आणि ती त्यांना शोभलीही. मराठीत ‘राजवाडे’चे ‘राजवाड्यांनी’ होते, ‘दाते’चे ‘दात्यांच्या’ होते. यंत्र नाव उमटवणार ‘राजवाडे’ आणि आपण पुढे प्रत्यय जोडणार ‘नी’. छापून येणार ‘राजवाडेनी’. सामान्यरूप न पाळणारे असे मराठी या त्रैमासिकात आलेले आम्हांला चालणार नाही. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे : वाक्यातले नाव नेहमी लेखकाने आपल्या हाताने, योग्य विभक्तीत लिहावे, आणि खुणेला नाव दडवायला सांगावे. पॅनडॉकमध्ये खूणनामाच्या आधी उणे चिन्ह दिले की एवढे काम होते : राजवाड्यांनी हे पत्र छापले आहे [-@राजवाडे-साधने, खंड ८, लेखांक ५०]. ‘नाव उमटव’ ही सोय मराठी लेखकाने विसरून जावी.

दुसरे भांडण अक्षरांचे. युनिकोडात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरांच्या वर्गात नाहीत. ती जोडचिन्हांच्या वर्गात आहेत. एखाद्या आज्ञावलीच्या कर्त्याने ‘खूणनामात केवळ अक्षरे व अंक’ असा नियम भाबडेपणाने लिहिला, तर त्याचे यंत्र ‘राजवाडे’मधला ‘र’ वाचून थांबेल. त्याहून फसवा प्रकार ‘कऱ्हाड’मधल्या रफाराचा. तो दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित होतो; डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळी नावे. म्हणून काही मंडळी सुचवतात की खूणनाम रोमी लिपीत ठेवावे. आम्ही याच्या विरुद्ध आहोत. अडचण आहे म्हणून लिपी सोडायची, ही सवय एकदा लागली की ती खूणनामापाशी थांबत नाही. खूणनामे मंडळाने एकदाच यादीत ठरवावीत, लेखकाने ती टंकित न करता यादीतून उचलावीत, म्हणजे रफाराचा घोळ मुळातच टळतो.

सालाचेही असेच. जुन्या ग्रंथांवर शके छापलेले असतात. समजा, राजवाड्यांच्या एखाद्या ग्रंथावर शके १८३१ आहे आणि आपण सालाच्या रकान्यात तोच आकडा भरला. यंत्र तो ग्रंथ इसवी १८३१ चा समजून यादीत लावील, म्हणजे ग्रंथकर्त्याच्या जन्माआधी ३२ वर्षे. तेव्हा रकान्यात इसवी १९०९ भरावे आणि शके वेगळ्या टिपणात जपावेत. टाकून मात्र देऊ नयेत, कारण मुखपृष्ठावर तेच आहेत आणि ग्रंथ हातात घेणाऱ्याला तेच दिसणार. जुन्या टंकांत, म्हणजे युनिकोडपूर्व काळात टंकित झालेले अंक हा तर स्वतंत्र शोकविषय आहे. त्या धारिका आज उघडल्या की वाचता न येणारी चिन्हे ओघळतात. असो.

प्रतीचे नाव खूणनामातच असावे, हा आमचा आग्रह काहींना अतिरेकी वाटतो. त्यांनी तुकोबांच्या गाथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १८६९ ते १८७३ या काळात निघालेल्या इंदुप्रकाश प्रतीतला अभंगक्रमांक वारकरी परंपरेतल्या दुसऱ्या प्रतीत लागू पडेल अशी खात्री नाही. ज्ञानेश्वरीत अध्याय स्थिर आहेत, पण राजवाड्यांची प्रत आणि सांप्रदायिक प्रत यांत ओव्या कमीअधिक असल्याने आकडा पुढेमागे सरकतो. महाभारताचे तेच : नीलकंठी पाठाचा अध्याय भांडारकर आवृत्तीत त्याच क्रमांकावर सापडेलच असे नाही. तेव्हा ‘तुकाराम, अभंग अमुक’ हा संदर्भच नव्हे. ‘तुकाराम-इंदुप्रकाश’ म्हणा, मग आकडा बोला. कोशांच्या बाबतीत मात्र काम हलके आहे : दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचा वा केतकरांच्या ज्ञानकोशाचा दाखला शब्दाखाली द्यावा, पान शोधायचे कारणच नाही.

‘हे सारे आता संगणक आपोआप करील’ असे म्हणणारा दुसरा पक्ष अलीकडे बोलका झाला आहे. जे लेखकाने लिहिलेच नाही ते यंत्र कोठून आणणार? आणले तर कसे आणते, हे २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिसले. दोन वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे न्यायाधीशांपुढे दाखल केले; ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. वकिलांना दंड झाला. मांडणी, कंस, स्वल्पविराम, टिपेचा अंक पूर्णविरामाच्या आधी की नंतर, ही कामे यंत्राची आहेत आणि ती त्याला खुशाल द्यावीत. कंसातला संदर्भ पूर्णविरामाच्या आधी येतो आणि टिपेचा अंक नंतर, हे ध्यानात ठेवून पूर्णविराम सरकवण्याचे काम माणसाने का करावे? पण साक्ष कोणाची, हे माणसानेच सांगायचे.

तिसरा पक्ष सौंदर्यवाद्यांचा. ‘@’ सारख्या चिन्हांनी मराठी गद्य विटाळते, असे त्यांचे म्हणणे. वाचकाला ही चिन्हे दिसत नाहीत, ती केवळ हस्तलिखितात असतात, एवढे उत्तर पुरेसे आहे. तरी आणखी एक सांगून ठेवतो : ज्या स्वल्पविरामाच्या आणि उद्गारचिन्हाच्या जोरावर हा आक्षेप डौलदार होतो, ती चिन्हे मोडीत नव्हती, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींसारख्यांच्या खटपटीने ती मराठीत रुजली. तेव्हाही भाषा विटाळल्याचे कोणाला वाटलेच असेल.

आमची मंडळाकडे मागणी दोन गोष्टींची आहे. पहिली : पुढील अंकापासून ‘तत्रैव’ आणि ‘उ. नि.’ हे दोन्ही हस्तलिखितात स्वीकारू नयेत. लेखकाने प्रत्येक ठिकाणी पूर्ण खूण द्यावी. छापील अंकात सलग टिपांचा ‘तत्रैव’ करायचा असेल तर तो यंत्राने करावा. म्हणजे परिच्छेद इकडचा तिकडे गेला तरी बोट चुकीच्या दिशेला वळणार नाही. ज्या वयोवृद्ध सभासदांना संगणक सोयीचा नाही, त्यांनी कागदावर समासात ग्रंथ, प्रत आणि स्थळ लिहून द्यावे. खूण घालण्याचे काम आम्ही काही जण करू. याला हातभार लावणारी तरुण मुले बडोद्यात मिळतील याविषयी आम्हांला शंका नाही.

दुसरी मागणी अधिक वादग्रस्त ठरेल. दुसऱ्यांच्या ग्रंथांना पत्ते मागणाऱ्याने आपल्या लेखनालाही पत्ता द्यायला हवा. या त्रैमासिकातील लेखाचा दाखला उद्या कोणी दिला तर तो कोणत्या स्थळाने देणार? आपली पाने छापील अंकापुरती. म्हणून प्रत्येक गद्य लेखाच्या परिच्छेदांना क्रमांक द्यावेत. ‘लेख आहे की निवाडा?’ अशी थट्टा होईल, हे आम्ही धरून चाललो आहोत. आपल्या घराण्यांत वकिलांची वाण नाही, त्यांनाच विचारावे. न्यायालयांचे निवाडे परिच्छेदांकाने उद्धृत होतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आपल्या निवाड्यांना कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर वा पानावर न विसंबणारा स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. जे न्यायालयाला गरजेचे वाटले ते आपल्या पूर्वजांच्या इतिहासाला जड का व्हावे?

हे क्रमांक समासात, बारीक टायपात, डोळ्यांत न भरतील असे छापता येतात. फोनवर ते परिच्छेदाच्या आरंभी फिक्या रंगात राहतील. गुजराती लिपीत लेख उतरला तरी अंकाची आकृती तेवढी बदलेल, क्रमांक बदलणार नाही. कवितांना या नियमातून वगळावे. तेथे ओळी मोजता येतात. मागील अंकांना क्रमांक घालण्याचे काम मोठे आहे, पण ज्यांतून घराण्यांची कागदपत्रे छापली गेली ते अंक आधी घ्यावेत, आणि आठवणी, प्रवासवर्णने व अभिनंदनपर मजकूर सवडीने.